लायका आणि तयारीची नजर

छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत अंतःप्रेरणेला फारसा वावच नव्हता. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दगेरच्या पद्धतीत सुरुवातीला एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. १८५१ नंतरच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत हा वेळ काही सेकंदांवर आला. पण काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे, म्हणून अंधारा तंबू सोबत बाळगावा लागे. पुढे कोरड्या काचा व रोल फिल्म आली आणि कॅमेरा तिवईवरून हातात आला.

छायाचित्रकाराच्या हालचालीत खरा फरक पडला तो लायकामुळे. जर्मनीतील वेट्झलार येथे सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा रचला. १९२५ मध्ये तो बाजारात आला. एका रोलवर ३६ चित्रे, आणि फिल्म पुढे सरकवताच शटरही सज्ज. दिसणे आणि बटण दाबणे यांत आता जवळजवळ अंतर उरले नाही.

या यंत्राचे मोल ओळखले ते फ्रान्सच्या आँरी कार्तिए-ब्रेसाँने. मार्टिन मुन्काचीने टिपलेले, टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे चित्र पाहून तो छायाचित्रणाकडे ओढला गेला आणि १९३२ मध्ये त्याने लायका घेतला. त्याच वर्षी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे त्याने कुंपणाच्या फटीतून एक चित्र घेतले. साचलेल्या पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एक माणूस झेपावला आहे, त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे, आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीतली नर्तकीही तशीच उडी घेते आहे. इतका मेळ विचार करून साधता येत नाही. तरीही याला निव्वळ दैवी देणगी म्हणणे चूक ठरेल. त्याआधी आंद्रे लोत या चित्रकाराकडे त्याने चित्राच्या रचनेचे कसून धडे गिरवले होते. भूमिती नजरेत मुरली होती, म्हणून बोट वेळेवर हलले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत तो गांधीजींना भेटून गेला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकापाशी नेहरू ही वार्ता लोकांना सांगत असताना त्याने घेतलेले चित्र अस्पष्ट आहे. फ्लॅश तो वापरत नसे. पण स्पष्टतेची वाट पाहिली असती तर ते चित्र मिळालेच नसते, आणि त्या रात्रीचा हादरा त्या अस्पष्टतेतच उमटला आहे.

त्याच्या कॉन्टॅक्ट शीट पाहिल्या की या कामाची दुसरी बाजू कळते. एकाच प्रसंगाच्या अनेक फ्रेम त्यांवर ओळीने दिसतात: कुठे माणूस पाऊलभर पुढे गेलेला, कुठे रचना जुळता जुळता राहिलेली. रस्त्यावर बोटाने घेतलेल्या निर्णयानंतर टेबलावर भिंगातून निवड होई, आणि बहुतेक फ्रेम तिथेच मागे राहत.