तारेंतील गायरान : अमेरिकेंतील नगरवाहिन्यांचा इतिहास

गांव वसवितांना सगळी जमीन वांटून टाकावयाची नाहीं, कांहीं भाग सर्वांच्या गुरांसाठीं मोकळा राखावयाचा, ही आमच्याकडील फार जुनी रीत होय. गायरान कोणा एकाचें नसतें, म्हणूनच तें गरिबाच्या गाईला उपयोगी पडतें. परंतु गायरान राखलें एवढ्यानेंच गाय दुभती होत नाहीं. तेथें गवत असावें लागतें, कोणी अतिक्रमण केल्यास हाक देणारा असावा लागतो, आणि गुरें वळणारा गुराखीही असावा लागतो. हा साधा विचार मनांत धरून परदेशांत घडलेली एक हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील नगरांनीं असेंच एक गायरान राखून ठेविलें. मात्र तें जमिनीवर नव्हे, दूरचित्रवाणीच्या तारेंत. त्याच्या आधारावर लोकशिक्षण कोठें पोसलें, कोठें उपाशी राहिलें, आणि असें कां झालें, हें पाहण्याजोगें आहे.

ही तार प्रथम एका अगदीं साध्या गरजेंतून निघाली. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात. डोंगराआड वसलेल्या गांवांस त्या नीट पोंचत नाहींत. सन १९४८ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया, ऑरेगन वगैरे राज्यांतील कांहीं उद्योगी माणसांनीं उंच जागीं अँटेना उभारून तेथून घरोघर तार नेली व तिच्याबद्दल वर्गणी घेण्यास आरंभ केला. पुढें या धंद्यांत मोठ्या कंपन्या शिरल्या. परंतु कंपनी कितीही मोठी असली, तरी तिची तार नगराच्या रस्त्यांवरून किंवा रस्त्यांखालूनच जावयाची. आणि रस्ता तर सर्वांचा. तेव्हां नगराची परवानगी घेणें भाग पडलें, आणि जो परवानगी देतो त्याला अट घालतां येते. शिवाय आकाशांतील लहरींप्रमाणें तारेंत जागेचा तुटवडा नव्हता. एका तारेंतून अनेक वाहिन्या जाऊं शकत. पुढील सर्व इतिहासाचें मूळ या दोन गोष्टींत आहे.

अट कोणती घालावी, हें सुचण्यास कॅनडांतील एक अनुभव पुष्कळ अंशीं कारण झाला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नांवाचें बेट आहे. मासेमारीवर जगणाऱ्या तेथील वस्त्या उठवून लोकांस अन्यत्र न्यावें, असा विचार सरकार-दरबारीं चालला होता. सन १९६७ मध्यें कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो यांनीं त्या बेटावर २७ लघुपट घेतले. त्यांत बेटकरी स्वतःच्या अडचणी स्वतःच्या तोंडानें सांगत होते. हे चित्रपट बेटावरील वस्त्यावस्त्यांतून दाखविण्यांत आले आणि नंतर मंत्र्यांनींही पाहिले. जे शेजारी समोरासमोर बसून बोलत नसत, त्यांनीं एकमेकांचें म्हणणें पडद्यावर ऐकून घेतलें. पुढें बेट उठलें नाहीं व मच्छिमारांची सहकारी संस्था उभी राहिली. हें सारें चित्रपटांमुळेंच घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण सामान्य माणूस हा केवळ प्रेक्षक नसून सांगणाराही होऊं शकतो, एवढें त्यांतून निश्चित दिसून आलें.

त्या कॅनडियन उपक्रमाचे प्रमुखपद कांहीं काळ सांभाळलेले जॉर्ज स्टोनी अमेरिकेंत परतले आणि सन १९७१ मध्यें त्यांनीं रेड बर्न्स या विदुषींच्या साह्यानें न्यूयॉर्क विद्यापीठांत 'आल्टर्नेट मीडिया सेंटर' ही संस्था काढली. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत, आदल्या वर्षींच्या करारान्वयें, मॅनहॅटनमध्यें नागरिकांसाठीं राखलेल्या वाहिन्या सुरू झाल्या. खांद्यावर अडकवून नेतां येईल असा व्हिडिओ कॅमेरा तोंपर्यंत बाजारांत आला होता. त्यामुळें चित्रें घेण्यासाठीं आतां फार मोठ्या भांडवलाची जरूर उरली नव्हती.

सन १९७२ मध्यें संघीय दळणवळण आयोगानें या कल्पनेस नियमाचें रूप दिलें. देशांतील १०० मोठ्या बाजारक्षेत्रांत नव्यानें तार घालणाऱ्या कंपन्यांनीं तीन वाहिन्या राखून ठेवाव्या : एक सर्वसाधारण नागरिकांसाठीं, एक शिक्षणासाठीं आणि एक स्थानिक शासनासाठीं. नागरिकांची वाहिनी कायमची विनामूल्य, तर उरलेल्या दोन मुख्य तार पूर्ण झाल्यानंतर पांच वर्षेंपर्यंत विनामूल्य, अशी योजना होती. कागदावर पाहतां शिक्षणास मिळालेला वांटा मुळींच लहान नव्हता.

प्रत्यक्षांत मात्र तीन भावंडांमध्यें शैक्षणिक वाहिनीच पुष्कळदां अशक्त राहिली. नागरिकांच्या वाहिनीवर निदान हौशी, हट्टी, क्वचित् विक्षिप्त अशीं माणसें आपण होऊन येत. शासनाच्या वाहिनीस नगरसभेच्या बैठका हें तयार साहित्य होतें. शिक्षणाची वाहिनी बहुधा शाळाखात्याच्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या स्वाधीन केली जाई. त्यांच्याजवळ इमारती होत्या, विद्वान् होते. पण या कामासाठीं मोकळा वेळ असलेला माणूस नव्हता, आणि अंदाजपत्रकांत या कामाचा रकानाही नव्हता. म्हणून पुष्कळ नगरांत त्या वाहिनीवर तासन् तास शाळेच्या सुट्ट्या, मधल्या वेळच्या जेवणांतील पदार्थ व बैठकींच्या वेळा यांच्या पाट्या फिरत राहिल्या. फार झालें तर फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचें चित्र. वर्गांत बसून जो पाठ कंटाळवाणा होतो, तो तारेंतून घरीं पाठविल्यानें मनोरंजक होईल, ही आशाच व्यर्थ होती.

दुसरा मार्ग कोणता होता, हें पेन्सिल्व्हेनियांतील रेडिंग या नगरानें दाखविलें. एके काळीं हें गांव रेल्वेमुळें व मोज्यांच्या गिरण्यांमुळें भरभराटलेलें होतें. पण सन १९७१ मध्यें रेडिंग रेल्वे कंपनीनें दिवाळें काढलें, आणि मागें राहिलेल्या वस्तींत म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानानें स्टोनी-बर्न्स यांच्या संस्थेनें सन १९७६ च्या जानेवारींत तेथें एक प्रयोग आरंभिला. वृद्धांचा जेथें राबता असे अशा तीन जागीं कॅमेरे व पडदे बसविण्यांत आले. एका केंद्रांतील मंडळी दुसऱ्या केंद्रांतील मंडळींशीं बोलूं लागलीं, म्हणजे पडदा दुभागून दोघांचींही चित्रें एकदम दिसत. घरीं बसलेले लोक तें पाहत व दूरध्वनीवरून त्यांत भाग घेत.

या कार्यक्रमांत शिकवी कोण आणि शिके कोण, हें सांगणें कठीण. निवृत्तिवेतन-कार्यालयाचा अधिकारी समोर बसे, आणि अर्जाचा नमुना भरतांना कोठें अडतें हें त्यालाच म्हातारीं माणसें समजावून सांगत. नगरसेवकास पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्याऐवजीं त्याला तोंडावर प्रश्न विचारतां येई. शाळकरी मुलें आणि आजी-आजोबा यांचीं संभाषणें होत, गाणींही होत. मुख्य गोष्ट ही, कीं कार्यक्रमाचा विषय ठरविणें, पाहुण्यास बोलावणें व चर्चा चालविणें हीं कामें हळूहळू त्या वृद्धांनींच अंगावर घेतलीं. अनुदानाचा काळ संपला, तेव्हां एरवीं अशा प्रयोगांचें जें होतें तें येथें झालें नाहीं. यंत्रें गुंडाळून विद्यापीठाचीं माणसें निघून गेलीं आणि पडदा काळा झाला, असें न होतां 'बर्क्स कम्युनिटी टेलिव्हिजन' या स्थानिक संस्थेनें काम पुढें चालविलें, आणि तिचें नांव रूपांतरें पावूनही टिकून राहिलें.

त्याच अनुदानमालेंत आणखी दोन नगरें होतीं. दक्षिण कॅरोलिनांतील स्पार्टनबर्ग येथें शाळा अर्धवट सोडलेलीं प्रौढ माणसें घरबसल्या परीक्षेची तयारी करीत व कळ दाबून शिक्षकाच्या प्रश्नास उत्तर देत. इलिनॉयमधील रॉकफर्ड येथें अग्निशामक दलाचे जवान आपल्या ठाण्यांतूनच पाठ घेत. हे प्रयोगही उपयुक्त होते, आणि कळीच्या साह्यानें कां होईना, शिकणाऱ्याकडून परत उत्तर येण्याची वाट त्यांनीं उघडली. तथापि कळ दाबणाऱ्यास दिलेल्या पर्यायांतूनच निवड करावी लागते. रेडिंगच्या म्हातारीस प्रश्नच बदलतां येत होता.

येथें आमच्या देशांतील एका समकालीन घटनेचें स्मरण होतें. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षांत अमेरिकन उपग्रहाच्या द्वारें भारतांतील सहा राज्यांतल्या सुमारें २,४०० खेड्यांस शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यांत आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. म्हणजे रेडिंगचे वृद्ध एकमेकांशीं बोलूं लागले, तेव्हांच आमच्या खेड्यांतील माणसें अंगणांत जमून वरून येणारें चित्र पाहत होतीं. त्या प्रचंड उद्योगाची थोरवी आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाहीं. शेती, आरोग्य, शाळा यांचें ज्ञान जेथें पोंचलेंच नव्हतें, तेथें तें पोंचविणें हें पहिलें कर्तव्य होतें. परंतु उपग्रह परत नेण्यांत आला, आणि बहुतेक ठिकाणीं चित्रही त्याच्याबरोबर गेलें. उलट गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील पिज येथें लहानसें प्रक्षेपणकेंद्र होतें. तेथील कार्यक्रमांत गांवकरी स्वतः भाग घेत, आणि तें काम पुढें कांहीं वर्षें चाललें. दोन्हीं देशांचा अनुभव येथें एकच दिसतो.

आतां अमेरिकेंतील कथेचा उत्तरार्ध. सन १९७९ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें आयोगाचे नियम रद्द केले. कंपन्यांवर असें ओझें लादण्याचा अधिकार कायद्यानें आयोगास दिलेला नाहीं, असा निर्णय झाला. पांच वर्षांनीं, सन १९८४ मध्यें, कायदेमंडळानेंच नवा कायदा करून तो अधिकार नगरांच्या हातीं दिला. वाहिन्या मागावयाच्या कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें; आणि नगरानें कंपनीकडून घ्यावयाची फी तिच्या तारसेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या शेंकडा ५ पेक्षां अधिक असूं नये. जीं नगरें जागरूक होतीं त्यांनीं या फीचा कांहीं भाग लोकवाहिनीकडे वळविला. त्यांतून कलागृहें उभीं राहिलीं, कॅमेरा धरण्याचे वर्ग निघाले, आणि शाळा सुटल्यावर मुलांस तेथें येऊन काम शिकतां येऊं लागलें. जीं नगरें निजलीं होतीं, त्यांच्या वाट्यास पुन्हां पाट्याच आल्या. कायदा एकच होता; फरक पडला तो मागणाऱ्यांत.

या व्यवस्थेंत एक कच्चा दुवा मात्र होता. शिक्षणाचा खर्च तारेच्या वर्गणीवर अवलंबून राहिला. इंटरनेटवरून चित्रें पाहण्याची सोय झाली तेव्हां लाखों कुटुंबांनीं तारेची वर्गणी बंद केली, आणि वर्गणी आटली तशी फीही आटूं लागली. सन १९१९ मधील नव्हे, तर अगदीं अलीकडील सन २०१९ मधील गोष्ट : कंपनी जी सेवा वस्तुरूपानें देते तिची किंमतही त्या शेंकडा पांचांतच धरावी, असें आयोगानें ठरविलें. सन २०२१ मध्यें एका अपील न्यायालयानें ती किंमत बाजारभावानें नव्हे, तर कंपनीस पडणाऱ्या प्रत्यक्ष जादा खर्चानें मोजावी अशी दुरुस्ती केली. पण मूळ तत्त्व कायम राहिलें. गायरान राखलेलें असावें, पण लोक दुसऱ्याच रस्त्यानें जाऊं लागावे, तसा हा प्रकार झाला.

या संकटांतही कांहीं नगरांच्या संस्था टिकून राहिल्या, त्या कां, हें पाहिलें म्हणजे आमचा मुद्दा स्पष्ट होतो. ज्यांनीं वाहिनी हेंच आपलें धन मानलें, त्यांचें धन वाहिनीबरोबर झिजलें. ज्यांनीं माणसें तयार केलीं, त्यांस तार सोडून इंटरनेटवर जातांना काय हरवलें? यंत्र बदललें, पण मुलाखत कशी घ्यावी, नगराच्या अंदाजपत्रकांत काय पाहावें, लाजाळू माणसास बोलतें कसें करावें, हें ज्ञान हातांत राहिलें. शैक्षणिक कार्यक्रमांचा विस्तार म्हणजे दाखविण्याचे तास वाढविणें नव्हे. दाखवूं शकणारीं माणसें वाढविणें होय.

आमच्याकडे काय झालें? सन १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें सांगितलें. त्याच वर्षीं तारवाहिन्यांसंबंधीं कायदा झाला. त्यांत दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविण्याचें बंधन घातलें, पण गांवच्या लोकांसाठीं एक वाहिनी राखावी असें कोणी सुचविलें नाहीं. तार आमच्याही रस्त्यांवरून, झाडांवरून, गच्च्यांवरून गेली. अट घालण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. रेडिओच्या बाबतींत थोडें अधिक घडलें. सामुदायिक केंद्रें चालविण्याची परवानगी सन २००२ मध्यें शिक्षणसंस्थांस व सन २००६ मध्यें स्वयंसेवी संस्थांस मिळाली. सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें 'माणदेशी तरंग' हें केंद्र त्यांतूनच उभें राहिलें.

एखाद्या नगरपालिकेनें उद्यां विचारलें, कीं आम्हांस लोकशिक्षणाची वाहिनी काढावयाची आहे, आरंभ कोठून करावा, तर आम्ही रेडिंगकडे बोट दाखवूं. वृद्ध जेथें रोज संध्याकाळीं बसतात अशी एक खोली निवडावी. तेथें एक कॅमेरा ठेवावा. तो धरावयास शिकविणारा एक पगारी माणूस नेमावा, आणि त्याचा पगार एखाद्या कंपनीच्या वर्गणीवर न सोंपवितां नगराच्या अंदाजपत्रकांत घालावा. पाणीपट्टीचें बिल घेऊन अधिकाऱ्यास प्रश्न विचारावयास पहिली म्हातारी उभी राहिली, म्हणजे शाळा भरली असें समजावें.