बल्गेरियातील मध्ययुगीन राज्यव्यवस्था

बाल्कन द्वीपकल्पात सातव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेल्या बल्गेरियन राज्याची शासनपद्धती. या राज्याचे पहिले (६८१–१०१८) व दुसरे (११८५–१३९६) असे दोन कालखंड पडतात. मधला काळ बायझंटिन अंमलाचा होता. राजसत्ता आणि बोयार हा सरदारवर्ग यांच्यातील बलाबल हे या शासनाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून आलेल्या बल्गारांचा प्रमुख आस्पारूख याने ६८१ मध्ये बायझंटिन सम्राटास तह करण्यास भाग पाडले. या राज्यात लष्करी सत्ता बल्गार कुळांकडे होती, तर स्लाव्ह टोळ्या आपापल्या प्रमुखांच्या अधिपत्याखाली राहून सरहद्दीचे रक्षण करीत. प्लिस्का ही राजधानी होती. खान हा सेनापती व सर्वोच्च न्यायाधीश असे. त्याच्या खालोखाल कावखान आणि त्यानंतर इचिर्गु-बोइल या अधिकाऱ्यांचा मान होता. बोइल हे वरिष्ठ सरदार व बगाइन हे कनिष्ठ सरदार होत. खानाची सत्ता कुळांच्या पाठिंब्यावर अवलंबून असल्याने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक खान पदच्युत झाले किंवा मारले गेले.

ही स्थिती नवव्या शतकात पालटू लागली. चोरी, खोटे आरोप इत्यादींविरुद्ध सर्व प्रजेला लागू होणारे कायदे करण्याचे श्रेय क्रूम (कार. ८०३–१४) यास दिले जाते. ओमुर्ताग (कार. ८१४–३१) याच्या काळात, ८१८ मध्ये, तिमोक खोऱ्यातील स्लाव्हांनी फ्रँकांचा आश्रय घेतला. त्यानंतर स्लाव्ह प्रमुखांची स्वायत्तता संपुष्टात येऊन राज्याची विभागणी कोमितात नावाच्या प्रांतांत झाली. त्यांवर राजाने नेमलेले अधिकारी असत.

पहिला बोरिस (कार. ८५२–८९) याने ८६४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा दहा कोमितातांतील सरदारांनी बंड केले. ते मोडून त्याने ५२ प्रमुख सरदारांना देहदंड दिला. जुन्या कुळांचे बळ खचले आणि राजपदास चर्चचे अधिष्ठान लाभले. ८७० मध्ये बल्गेरियात स्वतंत्र आर्चबिशपपीठ स्थापन झाले. ८९३ मध्ये प्रेस्लाव्ह येथे राजधानी हलविण्यात आली व पुढे स्लाव्ह भाषा हीच धर्माची व शासनाची भाषा बनली. पहिला सिमेऑन (कार. ८९३–९२७) याने सम्राटपदावर हक्क सांगितला, त्याचा पुत्र पीटर याचे हे पद बायझंटियमने ९२७ मध्ये मान्य केले.

करपद्धतीची माहिती राज्य नष्ट झाल्यानंतरच्या एका निर्णयावरून मिळते. १०१८ मध्ये बल्गेरिया जिंकल्यावर सम्राट दुसरा बॅसिल याने जुनी पद्धत चालू ठेवली : बैलजोडी बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ठराविक माप गहू, तितकीच बाजरीवर्गीय धान्ये आणि मद्याचा एक रांजण द्यावा. पुढील राज्यकर्त्यांनी त्याऐवजी रोकड मागताच १०४० मध्ये मोठा उठाव झाला. शेतकऱ्याजवळ धान्य असे, नाणी क्वचितच असत. जुनी पद्धत या वस्तुस्थितीस धरून होती.

दुसऱ्या राज्याची राजधानी त्यर्नोव्हो येथे होती. त्याने लोगोथेट, प्रोटोव्हेस्टियार इ. बायझंटिन पदे स्वीकारली. प्रांतांस ‘होरा’ म्हणत. दुसरा इव्हान आसेन (कार. १२१८–४१) याने १२३० च्या सुमारास दूब्रॉव्हनिकच्या व्यापाऱ्यांस दिलेल्या सनदेत आपल्या प्रांतांतून मुक्त संचाराची हमी दिली, यावरून केंद्राचा शब्द दूरवर चालत असल्याचे दिसते. याउलट, इव्हान शिश्मान याच्या १३७८ च्या सनदेने रिला मठाच्या जमिनींत राजाच्या अधिकाऱ्यांना प्रवेशबंदी केली. अशा सवलतींनी राजाचे उत्पन्न व अधिकार यांना मर्यादा पडल्या. दरम्यान व्हिदिन व दोब्रुजा ही स्वतंत्र सत्ताकेंद्रे बनली होती. ऑटोमन तुर्कांनी १३९३ मध्ये त्यर्नोव्हो व १३९६ मध्ये व्हिदिन घेतले, तेव्हा त्यांना एकसंध राज्याशी सामना करावा लागला नाही. बोरिसने एकवटलेली सत्ता त्यापूर्वीच विभागली गेली होती.