मनोरे मुके झाल्यावर : फिरत्या बिनतारी जाळ्यातील समूह-संदेश

तंजावूर : येथील राजवाडा परिसरातील घंटाघर आणि शस्त्रागाराचा मनोरा दूरवरून नजरेस पडतात. १८५५ मध्ये खालसा झालेल्या या मराठा संस्थानाच्या काळी टेहळणीचा भरवसा अशाच उंच, स्थिर जागांवर असे. आजच्या मोबाइल सेवेचे तत्त्वही फारसे निराळे नाही. जवळच्या टॉवरवाचून फोन मुका असतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमनजीक किनाऱ्यावर धडकले, तेव्हा तंजावूर जिल्ह्याच्या किनारी भागातही वीज आणि दूरसंचार सेवा विस्कळीत झाली.

अशा प्रसंगी टॉवरविना चालणारे ‘अॅड हॉक’ जाळे उपयोगी ठरू शकते. त्यात प्रत्येक उपकरण शेजारच्या उपकरणाचा संदेश पुढे पाठवते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेने १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओद्वारे या संशोधनाचा पाया घातला.

खरी अडचण समूहाला संदेश देताना येते. ‘बंधारा फुटला, मागे फिरा’ हा आदेश मदतपथकाच्या प्रत्येक होडीला व वाहनाला मिळायला हवा. परंतु सारेच वेगाने फिरत असल्याने मार्ग क्षणोक्षणी तुटतात. झाडाच्या फांद्यांप्रमाणे मार्ग आखल्यास संदेशांची संख्या कमी राहते, मात्र एक दुवा निखळताच पुढची संपूर्ण फांदी वंचित राहते. प्रत्येकाने संदेश पुन्हा प्रसारित केला, तर लहरी एकमेकींवर आदळतात. १९९९ मध्ये संशोधकांनी या स्थितीला ‘प्रसारण वादळ’ म्हटले. प्रत्येकाकडून पोच मागवल्यास पोचपावत्यांचीच गर्दी होते.

यावर ‘गॉसिप’ पद्धतीचा उतारा सुचवला गेला. उपकरणे ठरावीक काळाने एखाद्या शेजाऱ्याशी आपल्याकडील संदेशांची यादी ताडून पाहतात आणि राहिलेला संदेश त्याच्याकडूनच घेतात. संपर्क पूर्ण तुटल्यास संदेश जपून ठेवून पुढच्या भेटीत सुपूर्द करण्याची पद्धत ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये मांडली.

तथापि या पद्धती संदेश पोहोचण्याची शक्यता वाढवतात, वेळेत पोहोचण्याची हमी देत नाहीत. जाळ्याचे दोन तुकडे झाले आणि ते पुन्हा जुळलेच नाहीत, तर कोणताही नियम पलीकडे संदेश नेऊ शकत नाही. म्हणूनच जीविताशी निगडित आदेशांसाठी पोच आवश्यक ठरते आणि ती न आल्यास उपग्रह फोनसारख्या पर्यायी साधनाची तजवीज आधीच करावी लागते.