थेंबाथेंबाचा किरणोत्सार आणि रक्तातला साक्षीदार



फौजेत अणुयुद्धाच्या प्रशिक्षणात आम्हाला डोसिमीटर दाखवत. अंगावर किती किरणोत्सार पडला, ते तो सांगतो. शरीरात काय घडलं, ते मात्र सांगत नाही. ते सांगणारा साक्षीदार आपल्या रक्तातच फिरत असतो: लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी. आजची गोष्ट तिची.

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढे आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, जर्मनीत हाइनेकेने प्राण्यांवर हे किरण सोडून पाहिले. प्लीहा आणि लसिका ग्रंथींमधल्या पेशी फार लवकर मेल्या. शरीराचं रक्षण करणारी पेशीच सर्वांत नाजूक निघाली!

हे झालं मोठ्या मात्रेचं. थोड्या मात्रेचं काय? १९४५ नंतर हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या लोकांचा अभ्यास सुरू झाला, तो आजही चालू आहे. ज्यांना जास्त मात्रा मिळाली होती, त्यांच्या रक्तात नव्या दमाच्या टी-पेशी कित्येक दशकांनंतरही कमी आढळल्या. पण ती मात्रा क्षणात मिळालेली होती. तिच्यावरून थेंबाथेंबाने मिळणाऱ्या मात्रेचा हिशेब मांडणं अवघड.

१९८४ मध्ये ऑलिव्हिएरी, बॉडीकोट आणि वुल्फ यांनी माणसाच्या लिम्फोसाइट घेतल्या. आधी त्यांना अगदी थोडा किरणोत्सार दिला, मग क्ष-किरणांचा मोठा मारा केला. दोन्ही मात्रांच्या बेरजेने गुणसूत्रांची जितकी मोडतोड व्हायला हवी होती, त्यापेक्षा कमी झाली. लहानशा चकमकीने पहारेकरी सावध व्हावा, तसा पेशीतला दुरुस्ती विभाग जागा झाला होता. मात्र पुढे दिसलं, की प्रत्येकाच्या पेशी असा प्रतिसाद देत नाहीत.

आता आपल्या देशात येऊ. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा-नींदकरा किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. इथे काही ठिकाणी ती त्याच्या कितीतरी पट आहे, आणि लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्ताच्या लिम्फोसाइट तपासल्या. गुणसूत्रांतल्या दोषांत लक्षणीय वाढ दिसली नाही. करुनागप्पल्लीतल्या ६९,९५८ रहिवाशांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ मध्ये आला: जास्त किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

मग थोडा किरणोत्सार चांगला, असं म्हणायचं का? नाही. धोका लहान असेल, तर तो इतर कारणांच्या गर्दीत लपू शकतो. ‘दिसला नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक आहे. टेहळणी पथकाला शत्रू दिसला नाही, म्हणून कोणताही कमांडर पहारा उठवत नाही. म्हणूनच सुरक्षेचे नियम प्रत्येक मात्रेत थोडा तरी धोका आहे असं धरून चालतात. सर्वसामान्य माणसासाठी, निसर्गातली आणि उपचारातली मात्रा वगळून, वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला सीटी स्कॅन भीतीपोटी टाळू नका. आणि गरज नसताना ‘एकदा होऊन जाऊ दे’ म्हणून हट्टही धरू नका. रक्तातल्या त्या पहारेकऱ्याची कदर करण्याचा हाच सरळ मार्ग.

जय हिंद.