हांगाच राव

लहानपणी बेळगावला मावशीकडे जायचे म्हणजे मडगावला मीटरगेजच्या गाडीत बसायचे आणि लोंढ्याला गाडी बदलायची. लोंढ्याच्या फलाटावर पाय ठेवला की आई माझी उजळणी घ्यायची. नाव काय? बाबांचे नाव? गाव? तालुका? मी "म्हार्दोळ, फोंडा, गोवा" असे घडाघडा म्हटले की ती पाण्याच्या नळाकडे बोट दाखवून सांगायची, "चुकल्यार हांगाच राव." चुकलास तर इथेच थांब. मला त्या उजळणीचा भारी कंटाळा यायचा. तिची किंमत पुढे सरू ब्रायर्लीची हकीकत वाचली तेव्हा कळली.

१९८६ साली खंडव्याचा पाच वर्षांचा शेरू थोरल्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्टेशनावर आला. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाच्या वेशीवरच. भाऊ कामाला गेला, शेरू बाकावर झोपला. जाग आली तेव्हा भाऊ दिसेना, म्हणून तो समोरच्या रिकाम्या गाडीत चढला. त्या गाडीने त्याला सुमारे दीड हजार किलोमीटरवर हावड्याला नेऊन सोडले. भाऊ तर त्याच सुमारास रुळांवर गेला होता.

हावड्याला शेरू घराचा पत्ता सांगत होता, पण पाच वर्षांच्या जिभेने. वस्तीचे नाव तो "गिनेस्टले" सांगे आणि स्टेशनाचे "बेरामपूर". खरी नावे गणेश तलाई आणि बुऱ्हाणपूर. बंगालमध्ये "बेरामपूर" म्हटले की मुर्शिदाबादचे बहरमपूर आठवणार, नाहीतर ओडिशातले ब्रह्मपूर. घर सापडले नाही आणि १९८७ मध्ये तो दत्तक म्हणून टास्मानियाला गेला. शेरूचा सरू झाला. फलाटाजवळची पाण्याची टाकी मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. गूगल अर्थवर स्टेशनामागून स्टेशन धुंडाळत २०११ मध्ये त्याने तीच टाकी शोधून काढली आणि २०१२ च्या फेब्रुवारीत तो आईसमोर उभा राहिला. मुलगा परतला तर त्याला आपण सापडावे, म्हणून त्या माउलीने पंचवीस वर्षे ती वस्ती सोडली नव्हती.

मुलाचे बोलणे नीट ऐकून त्याचा माग काढणारी व्यवस्था आपल्याकडे हळूहळू उभी राहिली. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली. तिचा क्रमांक १०९८, म्हणजे दहा-नऊ-आठ, पोरांच्याही लक्षात राहील असा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये रेल्वेने एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठी ठरावीक कार्यपद्धती आखली. त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्यानुसार असे मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. दोन वर्षांवरच्या मुलाच्या पालकांचा चार महिने शोध घेतल्याशिवाय त्याला दत्तक देण्याची वाट मोकळी होत नाही.

फलाटावर एकटे दिसणारे प्रत्येक मूल हरवलेलेच असते असेही नाही. रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ साली १७,११२ मुलांना सोडवले. त्यांतली १३,१८७ घरातून पळालेली होती, हरवलेली २,१०५. पळालेल्या पोराला पुढच्या गाडीत बसवून "जा बाबा घरी" म्हणणे हे काही काम झाले नव्हे. कुणी मारले का, कुणी कामाला जुंपले का, शाळेत काय झाले, हे आधी विचारावे लागते. घर सुरक्षित आहे याची खात्री नसेल तर समितीच त्याची दुसरी सोय पाहते.

म्हणून वाचकहो, फलाटावर असे मूल दिसले तर त्याला आपल्या घरी नेऊ नका, परस्पर गाडीतही बसवू नका. रेल्वे पोलिसांना किंवा स्टेशन मास्तरांना सांगा, नाहीतर १०९८ फिरवा. २०२३ पासून ही सेवा सरकार चालवते, क्रमांक तोच आहे. कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. ते गावाचे नाव कसे उच्चारते ते जसेच्या तसे लिहून घ्या, सुधारू नका. देऊळ, पूल, टाकी, काय आठवेल ते विचारा.

आणि घरी लहान मूल असेल तर आजच त्याची उजळणी घ्या. कंटाळले तरी घ्या. हल्ली मी नातवाची घेतो. तोही कंटाळतो.