मुक्तीपासून एकात्मतेपर्यंत : मॅसिडोनियातील अल्बेनियन उठाव आणि भाषेचा प्रश्न

सशस्त्र संघटनेचे राजकीय पक्षात रूपांतर होणे ही आधुनिक इतिहासात दुर्मिळ घटना नव्हे. तथापि असे रूपांतर कशामुळे शक्य होते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी निराळी असतात. २००१ साली मॅसिडोनियात (२०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया) अल्बेनियन भाषकांचा जो उठाव झाला, त्याच्या बाबतीत या उत्तराचा मोठा भाग भाषेच्या प्रश्नात सापडतो. उठावकर्त्यांनी अखेरीस जी मागणी पुढे केली ती राज्यघटनेतील शब्द बदलण्याची होती, आणि म्हणूनच तिची तड वाटाघाटींतून लावता आली.

युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर १९९१ च्या नोव्हेंबरात मॅसिडोनियाने आपली घटना स्वीकारली. तिच्या सरनाम्यात हे राज्य मॅसिडोनियन लोकांचे राष्ट्रीय राज्य असल्याचे म्हटले होते. अल्बेनियन, तुर्की आदी समाजांचा उल्लेख त्यानंतर, समान हक्कांचे धनी म्हणून येत होता. सातव्या कलमान्वये सिरिलिक लिपीतील मॅसिडोनियन हीच राज्याची अधिकृत भाषा ठरली. १९९४ च्या खानेसुमारीत अल्बेनियनांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. एवढ्या मोठ्या समाजाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण घेण्याची सोय जवळजवळ उरली नव्हती. कारण पूर्वी ज्या प्रिश्टिना विद्यापीठाचा आधार होता, तेथील अल्बेनियन अध्यापन सर्बियाच्या सरकारने बंद पाडले होते. १९९४ च्या अखेरीस तेतोवो येथे अल्बेनियन विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शासनाने ते बेकायदेशीर ठरविले. १९९५ च्या फेब्रुवारीत तेथील चकमकीत एक मनुष्य मारला गेला. १९९७ च्या जुलैत गोस्तिवार येथे नगरभवनावरील अल्बेनियन ध्वज उतरविताना पोलिसांशी झालेल्या संघर्षात तिघांचा बळी गेला आणि नगराध्यक्षास तुरुंगवास घडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. या संपूर्ण दशकात अल्बेनियन पक्ष सत्तेबाहेर नव्हते. १९९२ पासून एक आणि १९९८ पासून दुसरा असे अल्बेनियन पक्ष संयुक्त मंत्रिमंडळांत सहभागी होते. त्यांना मंत्रिपदे मिळाली. परंतु घटनेच्या शब्दांत बदल झाला नाही. सनदशीर मार्गाची ही मर्यादा उठावाच्या समर्थकांनी पुढे वारंवार दाखविली.

२२ जानेवारी २००१ रोजी तेतोवोनजीकच्या तेआर्त्से गावातील पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि एक पोलीस ठार झाला. 'राष्ट्रीय मुक्तिसेने'ने त्याची जबाबदारी घेतली. या संघटनेची अल्बेनियन आद्याक्षरे कोसोवोत १९९८-९९ मध्ये लढलेल्या मुक्तिसेनेच्या आद्याक्षरांशी तंतोतंत जुळत होती. तेथे शेवटचे अक्षर 'कोसोवो'चे होते, येथे ते 'कोंबतारे', म्हणजे 'राष्ट्रीय', या शब्दाचे झाले. कोसोवोच्या लढ्यातील शस्त्रे, माणसे आणि अनुभव यांचा वारसाही त्या अक्षरांबरोबर आला. आरंभीच्या पत्रकांत परकीय सत्तेपासून मुक्तीची भाषा होती. मार्चपासून मात्र तिची जागा समान दर्जा, घटनादुरुस्ती आणि भाषिक हक्क या शब्दांनी घेतली, आणि देशाच्या सीमांना धक्का लावण्याचा हेतू नसल्याचे सांगितले जाऊ लागले. संघटनेचे राजकीय नेते अली अहमेती हे मूळचे किचेवोजवळच्या जायास गावचे. त्यांनी अनेक वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काढली होती. पाश्चात्त्य राष्ट्रे सीमाबदलास मान्यता देणार नाहीत, पण अल्पसंख्यांच्या हक्कांचा कैवार घेतील, हे हेरूनच हा भाषाबदल झाला असावा.

अर्थात यामुळे रक्तपात थांबला नाही. एप्रिलच्या अखेरीस वेयत्से येथे सुरक्षा दलांचे आठ जण मारले गेले. जूनमध्ये बंडखोर राजधानी स्कोपयेच्या वेशीवरील अराचिनोवोपर्यंत पोहोचले. लाखाहून अधिक लोकांनी घरे सोडली. दरम्यान २२ मे रोजी प्रिझ्रेन येथे अहमेती यांनी दोन अल्बेनियन पक्षांच्या नेत्यांसह एका निवेदनावर सह्या केल्या आणि उठावाच्या मागण्या त्या पक्षांच्या मागण्यांशी एकरूप झाल्या.

१३ ऑगस्ट २००१ रोजी झालेला ओह्रिद करार राष्ट्राध्यक्ष बोरिस त्रायकोव्स्की आणि चार प्रमुख पक्षांचे नेते यांच्यात झाला. मुक्तिसेनेची त्यावर सही नाही. भाषेवरून झालेल्या या तंट्याच्या कराराची इंग्रजी प्रत तेवढीच अधिकृत मानली गेली, हे लक्षणीय आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे त्यातील सूत्र. देशातील किमान २० टक्के लोक बोलतात ती भाषाही, ठरवून दिलेल्या मर्यादेत, अधिकृत राहील असे त्यात म्हटले होते. या अटीत बसणारी भाषा एकच होती. तरी अल्बेनियनचे नाव तेथे घातले गेले नाही. नोव्हेंबरच्या घटनादुरुस्तीत सरनाम्यामध्ये अल्बेनियन लोकांचा नामनिर्देश झाला, परंतु भाषा टक्केवारीच्या आडच राहिली. एका पक्षाला हक्क हवा होता आणि दुसऱ्याला तो दिल्याचे उच्चारायचे नव्हते. या अनुच्चारामुळेच करार शक्य झाला, आणि पुढील वादांचे बीजही त्यातच पडले.

नाटोच्या सैन्याने सप्टेंबर अखेरपर्यंत ३,८७५ शस्त्रे गोळा केली आणि मुक्तिसेना विसर्जित झाली. जून २००२ मध्ये अहमेती यांनी नवा पक्ष स्थापन केला. त्याच्या नावात 'मुक्ती' हा शब्द नव्हता. तेथे 'एकात्मता' आली. सप्टेंबरच्या निवडणुकीत १२० पैकी १६ जागा जिंकून हा पक्ष अल्बेनियन मतदारांत अग्रेसर ठरला आणि सरकारात गेला. २००४ मध्ये तेतोवोच्या विद्यापीठास राज्याची मान्यता मिळाली. २००६ ते २००८ हा काळ वगळता २०२४ पर्यंत हा पक्ष सत्तेत राहिला. बंडखोरांचे एक सेनानी तालात जाफेरी संरक्षणमंत्री, संसदेचे सभापती आणि २०२४ मध्ये काही महिने काळजीवाहू पंतप्रधान झाले. अल्बेनियनच्या वापराची व्याप्ती वाढविणारा कायदा २०१८ मध्ये संसदेने संमत केला. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही नाकारली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये सभापती या नात्याने जाफेरी यांनीच तो प्रसिद्ध करविला.

या यशाची दुसरी बाजू सर्वमाफीची आहे. हेगच्या न्यायाधिकरणाने बंडखोरांविरुद्धची चार प्रकरणे देशातील न्यायालयांकडे परत पाठविली. रस्तेकामगारांचे अपहरण व छळ हे त्यांपैकी एक. २०११ मध्ये संसदेने सर्वमाफीच्या कायद्याचा अर्थ असा लावला की ही प्रकरणेही तिच्या कक्षेत आली. म्हणजे कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावूनच भाषेचा हक्क वाढला आणि त्याच मार्गाने पीडितांचा न्यायाचा हक्क संपुष्टात आला.

जे दहा वर्षांच्या सनदशीर राजकारणाला साधले नाही, ते सात महिन्यांच्या उठावाने साधले, असा निष्कर्ष वरवर पाहता निघतो. पण तो अर्धाच खरा आहे. ओह्रिदच्या मागण्या आणि त्यांची परिभाषा याच राजकारणाने घडविली होती. मुक्तीचा आपला मूळ शब्द सोडून उठावाने ती स्वीकारली, तेव्हाच तडजोडीस वाव मिळाला. बंदुकीने निकड निर्माण केली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या निकडीचे मोल ज्यांनी प्राणांनी दिले, त्यांच्यासाठी करारात एकही सूत्र शोधले गेले नाही.