वाट्याला आलेले दोन सूर

एखाद्या गायकाचा किंवा वादकाचा परिचय करून देताना आपल्याकडे काही प्रश्न आधी विचारले जातात. गुरू कोण, घराणे कोणते, तालीम किती वर्षांची, घरात गाणे होते की नव्हते. या प्रश्नांच्या उत्तरांतून जे उभे राहते त्याला आपण सांगीतिक पार्श्वभूमी म्हणतो. एकट्या कलावंताच्या संगीतासाठी ही पद्धत सोयीची आहे. ख्यालाचा, नाट्यपदाचा किंवा सतारवादनाचा इतिहास तिच्याच आधारे लिहिला गेला, आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु ज्या वृंदातील कोणत्याही एका माणसाला संपूर्ण चाल कधीच वाजवता येत नाही, त्या वृंदातील माणसांची पार्श्वभूमी सांगायची कशी? इंग्लंड-अमेरिकेतील हँडबेलवृंदांचा इतिहास पाहू लागले की हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

हँडबेल म्हणजे हातात धरून वाजवायची घंटा. देवघरातल्या घंटीशी तिचे रूप मिळतेजुळते असले तरी व्यवहार वेगळा आहे. आपल्या घंटीकडून आपण नादाची अपेक्षा करतो, ठरावीक सुराची नव्हे. हँडबेल मात्र एका निश्चित सुरात मिळवलेली असते आणि तिचा लोलक एकाच रेषेत पुढे-मागे हलेल असा बसवलेला असतो; त्यामुळे वादकाला हवा तेव्हाच टोल पडतो. नाद थांबवायचा झाला की घंटा खांद्याशी टेकवायची. तीन सप्तकांच्या संचात अशा ३७ घंटा असतात, पाच सप्तकांच्या संचात ६१. लांब मेजावर गादी अंथरून त्या क्रमाने मांडल्या जातात आणि दहा-बारा वादक मेजामागे ओळीने उभे राहतात. हाताच्या घामाने धातूची झळाळी जाऊ नये म्हणून बहुतेकांच्या हातांत मोजे असतात. प्रत्येकाच्या वाट्याला मुख्यतः दोन सूर आणि त्यांची कोमल-तीव्र रूपे येतात. सा पासून वरच्या सा पर्यंतचा साधा आरोह वाजवायचा, तरी चार माणसे लागतात.

ही विभागणी कोणा संगीतकाराच्या कल्पनेतून निघालेली नाही. तिचा उगम चर्चच्या मनोऱ्यात आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मनोऱ्यातील घंटा वाजवण्याची एक निराळी रीत रूढ झाली. पूर्ण चाकावर टांगलेली घंटा दोराने ओढली की जवळजवळ एक अख्खा फेरा घेते. एवढ्या अवजड वस्तूवर चाल वाजवणे शक्य नसते. म्हणून चालीचा नाद सोडून घंटांचा क्रमच दर फेरीला बदलत न्यायचा, आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, असा नियम ठरला. सात घंटांच्या अशा ५,०४० मांडण्या होतात. त्या वाजवायला साधारण तीन तास लागतात. आठ घंटांच्या होतात ४०,३२०. लफबरो येथे १९६३ साली आठ जणांनी त्या न थांबता वाजवल्या, तेव्हा जवळजवळ अठरा तास गेले होते. या विद्येवर १६६८ साली 'टिंटिनालोजिया' आणि १६७७ साली फेबियन स्टेडमन यांचे 'कॅम्पॅनालोजिया' अशी पुस्तके निघाली. दोर ओढणाऱ्याला सुरांचे ज्ञान असण्याची गरज नव्हती. आकड्यांची स्मृती, शेजाऱ्याच्या दोराकडे लक्ष आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची तयारी एवढे असले की पुरे.

मनोऱ्यात सराव करायचा तर दोन अडचणी असत. हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी असे, आणि झालेली प्रत्येक चूक सगळ्या गावाला ऐकू जाई. लहान घंटा हातात घेऊन शेकोटीशेजारी किंवा पानगृहात बसून तोच क्रम घोटण्याची सोय यातून निघाली. सुरात मिळवलेल्या हँडबेल घडवण्याचे श्रेय परंपरेने विल्टशायरमधील ऑल्डबोर्न गावच्या विल्यम आणि रॉबर्ट कॉर या बंधूंना दिले जाते. काळ सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याची सुरुवात. घंटा हलकी झाली, तसे जे मनोऱ्यात अशक्य होते ते मेजावर शक्य झाले. सरावासाठी घेतलेल्या साधनावर लोक चाली वाजवू लागले.

एकोणिसाव्या शतकात हा छंद उत्तर इंग्लंडच्या लँकेशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांत विशेष फोफावला. वादक होते विणकर, गिरणीतले कामगार, खाणीत उतरणारे मजूर. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ पासून पितळी वाद्यांच्या बँडच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. १८५५ पासून तिथेच हँडबेलच्याही स्पर्धा भरू लागल्या. संघांकडे शंभराहून अधिक घंटांचे संच असत आणि ते ऑपेरांची ओव्हर्चर वाजवत. या माणसांना संगीताची पार्श्वभूमी नव्हती असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. चॅपेलमधील समूहगान, पितळी बँड, गावोगावच्या गायनमंडळ्या यांनी ती घडवली होती. हडर्सफील्डची गायनसंस्था १८३६ सालची आहे. शिवाय जॉन कर्वेन यांनी १८४० च्या दशकापासून प्रसार केलेली टॉनिक सोल-फा ही लेखनपद्धत हाताशी होती. तिच्यात सुरांची आद्याक्षरे ओळीने लिहिली जात. आपल्या सरगमीशी परिचय असलेल्याला ती चटकन समजावी. महागडी वाद्ये आणि शिक्षक ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांना तिने संगीत वाचता येण्याचा मार्ग खुला केला. ही पार्श्वभूमी सामुदायिक होती, आणि म्हणून ती कोणा एकाच्या नावावर मांडली गेली नाही.

नाव नसलेल्या माणसाची ओळख बदलून टाकणे सोपे असते. याचा एक नमुना पी. टी. बार्नम या अमेरिकन खेळवाल्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवून ठेवला आहे. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये असताना त्याने लँकेशायरचा एक घंटावादकांचा ताफा ऐकला आणि अमेरिकेला नेण्याचा करार केला. अट अशी की त्यांनी मिशा वाढवायच्या, चित्रविचित्र पोशाख घालायचा आणि 'स्विस घंटावादक' म्हणून मिरवायचे. आम्हांला इंग्रजीखेरीज भाषा येत नाही, मग आम्ही स्विस कसे ठरणार, अशी शंका त्यांनी काढली. तुम्ही आता बोलता तसेच इंग्रजी तिकडे बोलत राहा, म्हणजे कोणाला काही कळणार नाही, असे बार्नमचे उत्तर होते. लँकेशायरच्या बोलीची थट्टा करून तिच्याच आड त्यांचे गाव लपवले गेले. युक्ती चालली, आणि पुढे अमेरिकेत 'स्विस घंटावादक' हे अशा ताफ्यांचे सामान्यनामच होऊन बसले. गिरणगावातील मजूर इतके सुरेल वाजवू शकतो, हे प्रेक्षकांना विकण्यासारखे वाटले नाही. आल्प्स पर्वत विकता आला.

एका माणसाने एकच तुकडा सांभाळायचा, ही रीत त्या काळाला अपरिचित नव्हती. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे फायदे सांगितले, आणि लँकेशायरच्या गिरण्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. मग दिवसभर गिरणीत एकच हालचाल करणारा माणूस संध्याकाळी पुन्हा दोनच सूर का हातात घेत असेल? मला वाटते, फरक ऐकण्यात आहे. कापडाचा तागा कुठे जातो, कोण नेसतो, हे मजुराच्या नजरेला पडत नसे. मेजामागे उभे राहिल्यावर मात्र आपला सूर ज्यात बसला ती संपूर्ण रचना त्याच क्षणी त्याच्या कानावर पडे. विभागणी तीच, पण इथे तिचे फळ वाटून घेतलेले होते.

हा फरक आपोआप पडतो असेही नाही. अठराव्या शतकातील रशियात शिंगवाद्यांचे वृंद होते. नारिश्किन या सरदाराच्या पदरी असलेल्या मारेश या बोहेमियन वादकाने १७५१ च्या सुमारास ती पद्धत बसवली. प्रत्येक शिंगातून एकच सूर निघे, आणि वादक असत भूदास, म्हणजे जमिनीबरोबर मालकी बदलणारी माणसे. संगीताचे तत्त्व हँडबेलचेच होते. एका सुराला एक माणूस आणि चाल सर्वांची मिळून. ऐकणारे थक्क होत असत. परंतु तो सूर वादकाने घेतलेला नव्हता, त्याला नेमून दिलेला होता. तो वृंदात यावयाचा की नाही, हे ठरवणारा दुसराच कोणी होता. सामुदायिक वृंदाचा इतिहास लिहिताना स्वरलेखन आणि वाद्यरचना यांच्याइतकेच महत्त्व या एका प्रश्नाला द्यावे लागते. माणूस आपणहून आला होता काय?

लँकेशायरचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस यावयाचा थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबे मदतीच्या अन्नावर जगू लागली. त्याच वेळी हिंदुस्थानी कापसाचे भाव चढून मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला. त्यात १६ घंटांचा संच बसवला होता, आणि तो यंत्राच्या साह्याने 'होम स्वीट होम' व 'रूल ब्रिटानिया' यांसारख्या चाली वाजवीत असे. ज्या वर्षांत लँकेशायरच्या माणसांचे काम गेले, त्याच वर्षांच्या कमाईतून इकडे इंग्रजी चालींचा मनोरा उभा राहिला, आणि त्याच्या वृंदात एकही माणूस नव्हता. यंत्र चुकत नाही, थकत नाही, त्याला पार्श्वभूमीही नसते. मँचेस्टरच्या स्पर्धेत जे पणाला लागत असे, ते इथे पणाला लागण्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत हँडबेलला खेळवाल्यांच्या तंबूतून बाहेर काढण्याचे काम विसाव्या शतकात झाले. बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांनी १९०२ साली लंडनला जाऊन मनोऱ्यातील घंटावादनात भाग घेतला होता. सुतारकाम जाणणाऱ्या, नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेणाऱ्या या बाईंनी १९२० च्या दशकात आप्तमित्रांना जमवून बीकन हिलच्या वस्तीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी वादन सुरू केले. १९३७ साली न्यू इंग्लंडपुरती आणि १९५४ साली देशव्यापी संघटना निघाली. पुढे चर्चमधून बालकांचे, प्रौढांचे वृंद झाले. नंतर कोणत्याही चर्चशी बांधलेले नसलेले सामुदायिक वृंदही निघाले. नॉर्थ कॅरोलायनामधील 'रॅली रिंगर्स' हा १९९० साली स्थापन झालेला वृंद त्यांपैकी एक प्रसिद्ध वृंद.

अशा वृंदांच्या कार्यक्रमपत्रिकेत सभासदांचे दोन-दोन ओळींचे परिचय छापण्याची प्रथा आहे. कोणी लहानपणी पियानो शिकलेला असतो, कोणी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला, कोणी चर्चच्या गायकवृंदातून आलेला. व्यवसायाने कोणी शिक्षक, कोणी अभियंता, कोणी परिचारिका. घराण्याच्या प्रश्नाला या ओळी उत्तर देत नाहीत. पियानोवादकाचे शिक्षण इथे उपयोगी पडते तसे आडही येते. दहा बोटांनी संपूर्ण रचना स्वतः वाजवण्याची त्याची सवय असते. इथे कानात चाल पुरी वाजत असताना इतरांचे सूर इतरांवर सोडून द्यावे लागतात. मनोऱ्यातल्या दोर ओढणाऱ्याचे जुने गुण, मोजणे आणि थांबणे, इथे पुन्हा लागतात. संघटनेने २०१० साली आपल्या नावातील 'रिंगर्स' हा शब्द काढून 'म्युझिशियन्स' हा शब्द घेतला. घंटा हलवणाऱ्यांनी स्वतःला संगीतकार म्हणवून घेण्यास सुमारे तीन शतके लागली.

आपल्या दिंडीतल्या टाळकऱ्यांची इथे आठवण येते, पण साम्य पुरते जुळत नाही. शंभर टाळकऱ्यांतला एक मागे राहिला तरी अभंग अडत नाही. तिथे सर्वांचे वादन एकच असते आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हँडबेलवृंदात एक माणूस आला नाही तर त्याचे दोन सूर येत नाहीत, आणि प्रत्येक ओळीत, नेमक्या त्याच जागी, भोक पडते. म्हणून अशा वृंदातील माणसाची पार्श्वभूमी विचारायची तर गुरू कोण याआधी असे विचारावे लागेल की त्याच्याकडे कोणते दोन सूर होते, आणि तालमीच्या संध्याकाळी तो किती वर्षे येत राहिला.